ईसूरचे स्मारक काय सांगते?



कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात, शिकारीपूर तालुक्यात ईसूर नावाचे खेडे आहे. तेथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. त्या बाजूस जाणे झाल्यास ते अवश्य पाहावे. मात्र नुसते हात जोडून परत फिरू नये.

सन १९४२ च्या सप्टेंबरात, 'चले जाव' चळवळीच्या काळात, म्हैसूर संस्थानातील या गावाने स्वतःस स्वतंत्र घोषित केले. सारा देण्याचे नाकारले. वीरभद्राच्या देवळावर तिरंगा चढविला. स्वतःचे सरकार स्थापून दोन अल्पवयीन मुलांना अमलदार व फौजदार नेमले. मुलांना तुरुंगात टाकता येणार नाही, असा त्यामागील विचार होता, असे सांगतात. हे राज्य काही दिवसच टिकले. संस्थानचे अमलदार व फौजदार पोलिसांसह आले. झटापटीत ते दोघे ठार झाले. मग लष्कर आले, गावकरी रानात पळाले. खटला चालून मार्च १९४३ मध्ये पाच जणांना फाशी देण्यात आली.

आता विचार करा. ज्या लोकांना सार्वत्रिक मताधिकार नव्हता, त्यांनी आपले राज्य मागितले, ही मागणी न्याय्यच होती. परंतु जमावाने केलेला वध हा न्याय नव्हे. ज्याचा आपणास राग आहे त्याचेही म्हणणे ऐकून घेतो, तोच न्याय. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच भेद स्पष्ट केला. सनदशीर मार्ग बंद होते तेव्हा इतर मार्गांचे बरेच समर्थन करता येत असे. ते मार्ग खुले झाल्यावर मात्र तसे समर्थन उरत नाही, असे त्यांनी बजाविले. ईसूरकर पहिल्या काळातले होते. आपण दुसऱ्या काळातले आहोत.

आणखी एक प्रश्न उरतो. गावाचे राज्य म्हणजे गावातील कोणाचे राज्य? घोषणेने त्याचे उत्तर मिळत नाही, कायद्याने मिळते. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात, व स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. १९९० पासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. प्रत्येक नोंदलेला मतदार ग्रामसभेचा सभासद आहे.

म्हणून पुढच्या ग्रामसभेस घरातील स्त्रियांसह जा, हिशेब मागा, आपले म्हणणे इतिवृत्तात नोंदवून घ्या. ज्या अधिकारासाठी ईसूरकरांनी प्राण दिले, तो आपल्या हाती असता घरी बसून राहणे आपणास शोभणार नाही.