एक नाव, दोन रुपये

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात अशोका गार्डन, भोपाळ येथे दिलेले भाषण)



शाळामास्तर उभा राहिला की आकडेमोड आलीच; ती आपण थोडा वेळ गोड मानून घ्यावी. विषय रुपयाचा आहे आणि आपल्या संस्थेच्या निधीशी त्याचा निकटचा संबंध आहे.

आपल्यापैकी काही कुटुंबे मूळची मराठवाड्यातील आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी हाली सिक्क्याचे नाव ऐकले असेल. निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले आणि इंग्रजी मुलखात कलदार. हिशोब सात हालीला सहा कलदार असा होता. म्हणजे शंभर कलदार हवे असतील तर एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली मोजावे लागत. आमची दादी सांगे, वैजापूरकडचा माणूस येवल्याच्या बाजाराला निघाला की आधी हे गणित मनाशी करी. दोन्ही नाण्यांना लोक रुपयाच म्हणत. पण वेस ओलांडली की किंमत बदले.

तीच गोष्ट पुढे दोन देशांत घडली. 1947 च्या ऑगस्टमध्ये भारत आणि पाकिस्तान वेगळे झाले, तरी रुपया काही काळ एकच राहिला. पाकिस्तानसाठी नोटा काढण्याचे काम प्रथम आपली रिझर्व्ह बँकच करी. 1948 च्या एप्रिलपासून त्याच नोटांवर पाकिस्तान सरकारचे नाव जादा छापून त्या तिकडे चालविल्या गेल्या. 1 जुलै 1948 रोजी तेथील स्टेट बँक सुरू झाली. शंभराला शंभर, असा सरळ व्यवहार होता.

मग 1949 चा सप्टेंबर उजाडला. इंग्लंडने पौंडाची किंमत उतरविली आणि पाठोपाठ भारतानेही रुपयाची उतरविली. डॉलरला सुमारे 3 रुपये 31 पैसे पडत, ते 4 रुपये 76 पैसे पडू लागले. पाकिस्तानने मात्र आपला रुपया होता तेथेच ठेवला. एका रात्रीत शंभर पाकिस्तानी रुपयांची किंमत 144 भारतीय रुपये झाली. भारताने हा दर मानण्यास नकार दिला. ताग पिके पूर्व बंगालमध्ये आणि गिरण्या होत्या कलकत्त्याच्या आसपास हुगळीकाठी. तागाचा व्यापार अडला. इकडून जाणारा कोळसाही थांबला. हा पेच जवळजवळ दीड वर्ष चालला. शेतकऱ्याचा ताग पडून राहिला, गिरणी कामगाराचे काम अडले. दर ठरविणाऱ्यांपैकी कोणाचे ताट रिकामे राहिले नाही! अखेर 1951 च्या फेब्रुवारीत करार झाला आणि भारताने तो दर मान्य केला.

पण तोही टिकला नाही. कोरियाच्या युद्धामुळे ताग आणि कापूस महागला होता, तोवर पाकिस्तानचा रुपया तग धरून होता. भाव उतरले आणि 1955 च्या जुलैअखेर पाकिस्ताननेही आपला रुपया खाली आणला. पुन्हा शंभराला शंभर! 6 जून 1966 रोजी भारताने डॉलरचा दर साडेसात रुपये केला. शंभर पाकिस्तानी रुपये हिशोबाने 157 भारतीय रुपयांच्या बरोबरीचे झाले. बांगलादेश वेगळा झाल्यावर 1972 च्या मे महिन्यात पाकिस्तानने डॉलर एकदम 11 रुपयांवर नेला आणि पारडे फिरले. त्यांच्या शंभरांचे आपले सुमारे 66 झाले. अलीकडच्या वर्षांत तर आपल्या एका रुपयाला त्यांचे तीनांहून अधिक रुपये पडत आहेत.

हे वर्गात सांगितले तेव्हा आठवीतील एका मुलाने विचारले, “सर, म्हणजे आपण त्यांच्या तिप्पट मोठे झालो ना?” आम्ही त्याला म्हटले, “बाळा, 1966 साली तिकडच्या मुलाने असाच प्रश्न विचारला असता, तर तू काय उत्तर दिले असतेस? आपल्या एका रुपयाला जपानचा एकाहून अधिक येन मिळतो. म्हणून जपान आपल्यापेक्षा गरीब ठरतो का?” या भोपाळ शहरातील कित्येक घरांचे नातलग फाळणीनंतर कराचीला गेले. त्या घरांना विचारा. दर वर गेल्याने वा खाली आल्याने कोणाचे नाते मोठे वा लहान झाले नाही. दर हे अब्रूचे माप नव्हे. देशात काय पिकते, काय बनते, महागाई किती आवरली जाते आणि दिलेला शब्द किती पाळला जातो, यांचा तो ताळेबंद आहे.

आता आपल्या निधीकडे येऊ. दोन देशांच्या रुपयांचा दर वर्तमानपत्रात छापून येतो. आपल्याच रुपयाचा कालचा आणि आजचा दर मात्र पिशवी घेऊन बाजारात गेल्यावरच कळतो. आम्ही ज्या शाळांत काम केले, त्यांपैकी एकीत एका सद्गृहस्थांच्या देणगीतून 25 रुपयांचे पारितोषिक दरसाल दिले जाई. देणगी दिली गेली तेव्हा तेवढ्यात गरीब मुलाची वर्षाची पुस्तके येत. आम्ही ते पारितोषिक वाटले तेव्हा त्यात कंपासपेटीही येत नव्हती. एक पैचीही अफरातफर झाली नव्हती. हिशोब चोख होता. तरीही दात्याचा हेतू हरवला होता. पाकीट घेऊन जागेवर परतणाऱ्या त्या मुलीचा चेहरा आम्ही विसरलो नाही.

म्हणून विश्वस्तांना आमची नम्र विनंती आहे. शिष्यवृत्ती केवळ रुपयांत लिहून ठेवू नये. ‘एका विद्यार्थ्याची वर्षाची वह्यापुस्तके आणि फी’ असे लिहावे आणि त्याची रक्कम दर तीन वर्षांनी बाजारभाव पाहून ठरवावी. व्याजातील काही भाग दरसाल मुद्दलात घालावा. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन वर्गणी दिली, त्यांचा शब्द आणखी पन्नास वर्षांनीही पाळला जाईल.