हाक एकाची, बिऱ्हाड सगळ्यांचे

(मंडळाच्या वर्धापनदिनी खुलताबाद येथे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. पोळ्या लाटायला सांगा, सतरंज्या घालायला सांगा, पण भाषण नको, असे माझे म्हणणे होते. परंतु गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीनंतर आपल्यातल्याच एका सूनबाईने मला दाराशी गाठले. तिच्या यजमानांनी चालू नोकरी सोडून दूर कुठे तरी नवे काम सुरू करायचे मनात घेतले आहे. काम चांगले आहे, लोकांच्या उपयोगाचे आहे, हे तिलाही पटते. तिने मला एवढेच विचारले, "मावशी, हाक त्यांना आली आहे. ती मलाही आली असे धरायचे का?"

तिला तिथल्या तिथे उत्तर देणे मला जमले नाही. आज जे बोलणार आहे ते तिच्यासाठीच आहे. ती समोर बसली आहे, पण मी तिच्याकडे बघणार नाही.

आपण ज्या गावात राहतो ते गावच मुळी हाकेला ओ देऊन आलेल्यांचे आहे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी आपल्या शेजारच्या देवगिरीला आणली. त्याच काळात निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब आणि त्यांच्याबरोबरची सूफी मंडळी दिल्लीहून इकडे दख्खनेत आली. सुलतानाचे मन फिरले आणि कितीतरी लोक माघारी गेले. बुऱ्हानुद्दीन इथेच राहिले आणि १३३७ मध्ये इथल्याच मातीत विसावले. आपल्या गुरूची संभाषणे लिहून ठेवणारा कवी अमीर हसन हाही इथेच आहे. दर्ग्यावरून जाताना माझ्या मनात येते की त्या तांड्यांत बायाही असतील, कडेवरची मुले असतील, कोणाच्या पाटा-वरवंट्याचे ओझे बैलावर असेल. दिल्ली ते देवगिरी हा काही दौलताबादचा घाट चढून येण्याइतका प्रवास नव्हे. गुरूंचे शब्द लिहून ठेवणारा होता. चूल कुठे मांडायची हे ज्यांना रोज संध्याकाळी ठरवावे लागले त्यांचे शब्द कोणी लिहायचे?

इथून जवळच्या जालन्याचे एक उदाहरण सांगते. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून तर मोठा खटला झाला. न्यायालयाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मुंबईचे ब्राह्मण दोन तटांत फुटले. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यापायी त्यांना बरेच सोसावे लागले. पुढे नारायण शेषाद्री पाळक झाले आणि निजामाच्या मुलखात, जालन्याला येऊन राहिले. सालारजंगांच्या राज्यकारभारात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाची वस्ती वसवली. बेथेल म्हणजे देवाचे घर. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना तिथे घरे मिळाली, शाळा मिळाली. शेषाद्री पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आले आणि १८९१ मध्ये परतीच्या वाटेवर समुद्रातच वारले. त्यांच्याविषयी एवढे सांगून मी पुढे जाते, कारण अशा हकीकती बहुधा पुरुषाच्या बाजूनेच सांगितल्या जातात. मला हवी होती दुसरी बाजू. ती एका बाईने लिहून ठेवली आहे, आणि इतकी हसतखेळत लिहिली आहे की वाचताना डोळे पुसावेत की हसावे ते कळत नाही.

मी लक्ष्मीबाई टिळकांविषयी बोलते आहे.

त्यांचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांचे. जन्म १८६८ चा. १८५७ च्या धामधुमीत घरातल्या माणसाला फाशी झाली, तेव्हापासून वडिलांच्या डोक्यात सोवळ्याओवळ्याचे वेड शिरलेले. बाजारातून आलेले मीठसुद्धा त्या घरात धुऊन घेतले जाई! आता मीठ धुतल्यावर उरणार काय, हे तुम्हा सुगरणींना मी सांगायला नको. अशा घरातली ही मुलगी १८८० साली, अकरा-बारा वर्षांची असताना, नारायण वामन टिळकांना दिली. टिळक अठरा वर्षांचे. कवी, विद्वान, मनाने मोठे, आणि एका जागी चार दिवस स्थिर बसतील तर शपथ. आज इथे नोकरी, उद्या तिथे. हातात पैसा आला की दुसऱ्याच्या पदरात टाकायचा. बाईंनी संसार मांडायचा आणि टिळकांनी तो मोडून पुढच्या गावाला निघायचे, असे पुष्कळदा झाले.

मग १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धर्मांतर बरे की वाईट या वादात मी शिरणार नाही. आपल्या मंडळात सर्व धर्मांच्या भगिनी आहेत आणि आपण एकमेकींच्या घरचा शिरखुर्मा आणि पुरणपोळी आवडीने खातो. मला विचार करायचा आहे तो घरी बसलेल्या बाईचा. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत, आणि तरी जगाच्या दृष्टीने गेलेला. कुंकू लावायचे की पुसायचे, असा प्रश्न ज्या समाजात लोक तोंडावर विचारायला कमी करत नाहीत, त्या समाजात ही सत्तावीस वर्षांची बाई उभी.

लक्ष्मीबाई लगेच नवऱ्यामागे गेल्या नाहीत, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जवळजवळ पाच वर्षे त्या दूर राहिल्या. काही काळ आप्तांबरोबर पंढरपूरला होत्या. रडल्या, आजारी पडल्या, पण हाक मला ऐकू आलेली नाही तोवर मी आली असे म्हणणार नाही, हे त्यांनी आपल्या वागण्याने दाखवले. पुढे टिळकांजवळ राहायला गेल्या तेव्हाही सोवळे सोडले नाही. आपले वेगळे शिजवायचे, आपले पाणी वेगळे ठेवायचे. टिळकांनीही, त्यांचा स्वभाव तापट असूनही, तिथे बळजबरी केली नाही. मग विचार करता करता बाईंच्याच मनात आले की जाती माणसाने केल्या, देवाने नव्हेत, आणि कोणाच्याही हातचे खायचे त्यांनी आपणहून ठरवले. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्याही नव्हत्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. ज्या घरात मीठ धुतले जाई त्या घरातली लेक कुठून कुठे चालत आली पाहा. पण चालली ती आपल्या पायांनी.

पुढची वर्षे अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची. अमेरिकन मिशन तिथे १८३१ पासून होते. टिळक १९०४ मध्ये रीतसर पाळक झाले, आणि लक्ष्मीबाई पाळकाची बायको. पाळकाची बायको म्हणजे काय ते एखाद्या जुन्या घरातल्या थोरल्या सुनेला विचारा. कोण केव्हा दारात येईल त्याचा नेम नाही, डब्यात पीठ किती आहे हे येणाऱ्याला ठाऊक नसते आणि घरधन्यालाही नसते. बालकवी ठोंबरे टिळकांच्या घरी राहिले. कवींची गाठ पडली हे सगळे सांगतात. त्या पोराला वेळेवर जेवायला कोण वाढत होते हे स्मृतिचित्रे वाचल्यावर कळते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. १९१७ साल. टिळक पंचावन्न वर्षांचे. मिशनचा पगार, जम बसलेले घर, ओळखीचे गाव सर्व सोडायचे आणि साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' मांडायचा असे त्यांनी ठरवले. कल्पना मोठी होती. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा. परदेशी थाट नको. आपले भजन, आपले कीर्तन, आपली बैठक. आणि मिशनचा पैसा घ्यायचा नाही. हा शेवटचा भाग कवीला सोपा होता. बाईंचे वय तेव्हा एकोणपन्नास. एवढ्या वयात आपल्याला माहेरी चार दिवस राहायचे म्हटले तरी आपली उशी बरोबर न्यावीशी वाटते. या बाईने पुन्हा एकदा बिऱ्हाड उचलले.

आणि तो दरबार चालला किती दिवस? ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्याला हाक आली तो गेला. पगार आधीच सोडलेला. वय पन्नाशीचे.

मला नेहमी वाटते की लक्ष्मीबाईंची खरी परीक्षा साताऱ्याला जाताना झाली नाही, ती इथे झाली. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीचे काम पाहिले. पुढे मुलाबरोबर कराचीला गेल्या, तिथून नाशिकला आल्या. धडपणे शाळेत न गेलेल्या या बाईने टिळकांचे अर्धवट राहिलेले 'ख्रिस्तायन' हाती घेतले. टिळकांचे अकराच अध्याय झाले होते. बाकीचे साठाहून अधिक अध्याय बाईंनी रचले. दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, आठवणी लिही म्हणून लकडा लावला, तेव्हा 'स्मृतिचित्रे' झाली. पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. टिळकांची कविता मराठी माणसाला आजही आठवते, पण टिळक माणूस म्हणून आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात, रागावतात, विरघळतात, सगळे वाटून मोकळे होतात, ते बायकोच्या पुस्तकात. आणि तिने त्यांना कुठे देव केलेले नाही. नवऱ्याच्या चुका इतक्या प्रेमाने आणि इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी बाई मला मराठीत माहीत नाही.

कोणी म्हणेल, पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या की. घ्यावेच. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते पुण्याला नेले, आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले. बरोबर लेक मनोरमा. पण रमाबाईंची हाक त्यांची स्वतःची होती, आणि विचारायला घरात दुसरे कोणी नव्हते. आपल्यापैकी बहुतेकींची गोष्ट लक्ष्मीबाईंसारखी असते. रमाबाईंना मी नमस्कार करते, लक्ष्मीबाईंशी मी बोलते.

आता थोडे माझे. १९८७ मध्ये ह्यांनी शहरातली शिक्षकाची नोकरी सोडली. शहर म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद. वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना शाळेसाठी राहायला जागा नाही, तर खुलताबादला खोल्या घेऊन त्यांना ठेवायचे, असे ठरवूनच एका रात्री घरी आले. मला सांगितले, विचारले नाही. मी गप्प राहिले. गप्प राहणे म्हणजे होकार, असा समज पुरुषांत आहे. आम्ही आलो तो शनिवार होता आणि भद्रा मारुतीच्या गर्दीत आमचा टेम्पो तासभर अडकला. मी पुढे बसून, मांडीवर देव्हारा घेऊन, मनातल्या मनात मारुतीला म्हणाले, तू निजलेला बरा आहेस.

पहिल्या वर्षी अकरा मुले होती. पाणी लांबून आणावे लागे. सगळे सामान सोडले, पण एक मोठी लोखंडी पेटी मी सोडली नाही. माझी चांगली पातळे, लग्नातली भांडी, मुलीचे जरीचे परकर त्यात होते. ती कुलूप लावून दाराजवळ ठेवली. परत जायचे तर चटकन उचलता यावी म्हणून. येणाऱ्याजाणाऱ्याचा गुडघा तिला लागे. ह्यांनी दोनदा विचारले, आत सरकवू का? मी म्हणाले, असू द्या.

त्या पावसाळ्यात वाचनालयातून आणलेली स्मृतिचित्रे माझ्या हाती पडली. बाईंनी पाच वर्षे घेतली, हे वाचले आणि मला इतका धीर आला म्हणून सांगू! मी त्या रात्री ह्यांना म्हणाले, "तुमचे काम चांगले आहे. पण मी अजून आलेले नाही. आले की सांगेन." हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी विचारायला हवे होते." दुसऱ्या दिवसापासून हिशेबाची वही माझ्याकडे आली, आणि किती मुले घ्यायची हे दोघांनी बसून ठरवायचे असे झाले. त्याच्या पुढच्या वर्षी ह्यांना वीस मुले घ्यायची होती. मी पीठ मोजले आणि चौदा म्हणाले. चौदाच घेतली.

म्हणून त्या सूनबाईला मी एवढेच सांगेन: ती हाक तुलाही आली असे धरू नकोस. तुझी तुला येते का ते बघ, आणि तोपर्यंत तसे स्पष्ट सांग. यायला वेळ लागला तर लागू दे. आणि पिठाचा डबा कोणाच्या ताब्यात राहील हे निघण्याआधी ठरवून घे.

मी पेटीचे कुलूप काढले ते तिसऱ्या वर्षी, तेही एका मुलाला ताप भरला आणि थंडीत अंगावर घालायला काही पुरेना म्हणून. लग्नातली शाल वर काढली, मग बाकीचेही निघाले. ती पेटी अजून आहे. मंडळाच्या सतरंज्या तिच्यातच असतात, आणि आज ज्या सतरंजीवर तुम्ही बसला आहात ती कार्यक्रम संपल्यावर नीट झटकून, घडी करून माझ्याकडे आणून द्यावी, ही विनंती.