इंदूरच्या मोटारीचें कूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. मोटारीस मात्र हा नियम लावण्याचें कारण नाहीं. उलट, कांहीं मोटारींचें खरें मोल त्यांच्या कुळांतच दडलेलें असतें.

अहमदपूरहून परळी फार दूर नाहीं. तेथील वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनीं केला, हें आपल्या मराठवाड्यांत घरोघरीं ठाऊक आहे. त्याच घराण्यांतले इंदूरचे शेवटचे राज्यकर्ते महाराज यशवंतराव यांची अभिरुची निराळी होती. १९३० नंतरच्या दोन-चार वर्षांत त्यांनीं एकार्ट मुथेसियस या जर्मन शिल्पज्ञाकडून माणिकबाग हा अगदीं नव्या धर्तीचा राजवाडा सजवून घेतला. आणि १९३५ च्या सुमारास ड्यूझनबर्ग जातीची एक विलक्षण मोटार बनवून घेतली. तिचा सांगाडा त्या कारखान्याच्या सर्वांत लांब मापाचा. पुढच्या व मागच्या चाकांतलें अंतर सुमारें पावणेतेरा फूट. एवढ्या सांगाड्यावर सात माणसांची ऐसपैस गाडी सहज बसली असती. परंतु लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनीं त्यावर दोघांपुरती, बाणासारखी निमुळती गाडी चढविली!

मग हिला म्हणावें तरी काय? मालक मराठी, अंग इंग्रजी, इंजिन अमेरिकन. कुळाचा शोध घ्यावयाचा तर अंगावरचा रंग पाहून भागत नाहीं. आंतलें यंत्र उघडून पाहावें लागतें. तेथें आपणांस शर्यतीचें मैदान भेटतें.

फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूझनबर्ग हे बंधु मूळचे जर्मनीचे. १८८५ सालीं लहानपणींच ते अमेरिकेस गेले. फ्रेडनें कोणत्याहि विद्यालयाची यंत्रशास्त्राची पदवी घेतली नव्हती. सायकली बनवितां बनवितां तो यंत्रें शिकला. जुलै १९२१ मध्यें फ्रान्समधील ल मॉं येथें झालेली ग्रां प्री शर्यत त्यांच्या गाडीनें जिंकली. चालक होता जिमी मर्फी. सरावांत गाडी उलटून तो जायबंदी झालेला, तरी तो चाकावर बसला. एका ओळींत आठ सिलिंडर असलेलें इंजिन आणि द्रवाच्या दाबानें चारी चाकांस एकदम लागणारे ब्रेक ही त्या गाडीची वैशिष्ट्यें होतीं. पुढें १९२४ सालीं इंडियानापोलिसची पांचशें मैलांची शर्यत जिंकणाऱ्या त्यांच्या गाडीस सुपरचार्जर, म्हणजे इंजिनांत जादा हवा कोंबणारा पंखा होता. त्या शर्यतींत सुपरचार्जरनें मिळविलेला हा पहिलाच विजय. महाराजांच्या गाडीचें इंजिन आठ सिलिंडरांचें, ब्रेक त्याच तत्त्वाचे, आणि जोडीस तोच सुपरचार्जर! त्या इंजिनाची शक्ति ३२० अश्वशक्ति असल्याचें कारखाना सांगत असे. कूळ पटावयास याहून निराळा पुरावा कशाला हवा?

परंतु या कुळाचा एक हिशेब मोटारींच्या सचित्र पुस्तकांत क्वचितच मांडलेला असतो. १९२४ च्या त्या विजयी गाडीचें चाक मध्यावर कोरमकडून जो बॉयरनें हातीं घेतलें आणि शर्यत जिंकली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत बॉयर आणि मर्फी हे दोघेहि निरनिराळ्या शर्यतींत अपघातानें मरण पावले. १९३२ च्या जुलैंत खुद्द फ्रेड ड्यूझनबर्ग आपल्याच कारखान्याची गाडी चालवीत असतां अपघातांत सांपडला व त्याच महिन्यांत निवर्तला. पुढें १९३७ सालीं कारखानाहि बंद पडला. ज्या पुरुषानें हें इंजिन निर्मिलें, त्यानें इंदूरची ही गाडी पाहिली नाहीं.

यशवंतराव १९६१ सालीं वारले. गाडीहि पुढें परत अमेरिकेस गेली. तेथील रसिक तिला आजहि "महाराजांची ड्यूझनबर्ग" म्हणूनच ओळखतात. तें योग्यच आहे; तिला हें रूप त्यांच्याच हौसेनें मिळालें. पण ज्या रयतेच्या कराच्या पैशावर संस्थानांचे असले शोक पोसले जात, तिचें नांव कोणत्याहि गाडीवर कोरलेलें नसतें. आणि ज्यांनीं ब्रेक व पंखे जिवावर उदार होऊन पारखले, त्यांचें नांव घेणारेहि थोडेच. घाटांत आपण निर्धास्तपणें ब्रेक दाबतों, तेव्हां त्या जुन्या शर्यतींतल्या माणसांचें थोडें ऋण आपल्याहि खातीं जमा असतें. एखाद्या यंत्राचें कूळ शोधावयाचें तें एवढ्याचसाठीं, कीं मालकाच्या नांवामागें उभीं असलेलीं माणसें दिसावींत.