बरें वाटूं लागल्यावर



मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. परंतु माझ्या धाकट्या बंधूच्या आजारामुळें हॅलोपेरिडॉल या औषधाशीं आमच्या घराचा बरीच वर्षें संबंध आला. त्या अनुभवांतील चार गोष्टी आज आपणांपुढें ठेवतों.

हें औषध १९५८ सालीं बेल्जियममध्यें पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेंत तयार झालें. नसलेले आवाज ऐकूं येणें, कोणी आपला घात करील असें वाटणें, अशा विकारांत मेंदूंतील डोपामिन या द्रव्याचें कार्य तें आवरतें. पण शरीराच्या हालचालींनाही हेंच द्रव्य लागतें. त्यामुळें औषधाचा गुण आणि उपद्रव एकाच मुळांतून निघतात.

गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशीं बंधूची मान एका बाजूस वळून ताठली. शेजारीं कोणी बाहेरची बाधा म्हणालें. आम्हीं डॉक्टरांकडे धांव घेतली. त्यांनीं सुई टोंचली आणि थोड्याच वेळांत मान मोकळी झाली.

खरी चूक पुढें माझ्याच हातून झाली. सहा महिन्यांनीं बंधू अगदीं बरा दिसूं लागला. मी म्हणालों, "अरे, आतां हें औषध कशाला?" गोळी बंद केली. दोन महिन्यांत ते आवाज परतले, आणि एका पहाटे तो वाड्यांतील विहिरीच्या काठावर बसलेला सांपडला. बरें वाटणें हा औषधाचा गुण होता. मीं तो आजाराचा शेवट समजलों.

म्हणून सांगतों, डॉक्टरांस विचारल्यावांचून गोळी थांबवूं नये, वाढवूंही नये. वेष्टनावरील आंकडा वाचावा: दीड मिलिग्रॅमची गोळी आणि पांच मिलिग्रॅमची गोळी यांत तिपटीहून अधिक अंतर आहे. दारू वर्ज्य करावी. इतर औषधें चालू असल्यास, किंवा पूर्वीं हृदयविकार झाला असल्यास, तें आधींच सांगावें. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांस या औषधानें मृत्यूचा धोका वाढतो; त्यांस तें घरच्या घरीं कधींही देऊं नये. एका जागीं बसवेना, हात कांपूं लागले, ओठ वा जीभ आपोआप हलूं लागली, तर लगेच कळवावें. तीव्र ताप, लांकडासारखें ताठलेलें अंग आणि भ्रम हीं एकत्र दिसल्यास त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.

बंधू आज साठीच्या घरांत आहे. त्याच्या गोळ्यांची नोंद तो स्वतः एका वहींत ठेवतो. रविवारीं ती वही मी तपासतों. जुनी संवय, दुसरें काय!