गैरहजर कोण?



इतक्या वर्षांनी याच पटांगणात उभं राहून बोलायचं म्हटल्यावर पाय थोडे लटपटतात. काही चुकलं तर सरांनी पूर्वीसारखंच मध्येच थांबवावं. संयोजकांनी मला ‘संगणक आणि रुग्णसेवा’ हा विषय दिला आहे. मी डॉक्टर नाही. पुण्यात रुग्णालयांना लागणारे संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणं हे माझं काम. तरी सुरुवात मी शाळेच्या हजेरीपटापासून करणार आहे.

आपले वर्गशिक्षक हजेरी कशी घ्यायचे, आठवतं? “हजर सर” म्हणणाऱ्याकडे ते बघायचेही नाहीत. आवाज आला नाही की मान वर व्हायची. मग त्या गल्लीतल्या पोराला उभं करून विचारायचे, “का आला नाही रे तो?” मिरचीच्या तोडणीत वर्ग अर्धा रिकामा असायचा आणि दोन-तीन दिवसांनी सर सायकल घेऊन थेट वावरात यायचे. माझ्याकडे दोनदा आले. दोन्ही वेळा वडिलांनी त्यांना चहा पाजला आणि ते गेल्यावर मला बडवलं.

आता २०१६ च्या पावसाळ्याकडे येतो. माझ्या आईला लकवा मारला. भावाने गाडी करून तिला संभाजीनगरला नेलं, मी पुण्याहून पोचलो. डॉक्टरांनी साधं विचारलं, “बीपीच्या कोणत्या गोळ्या चालू होत्या? बंद कधी केल्या?” आम्हा दोघा भावांना सांगता येईना. आईचे सगळे कागद इथे घरी, खुंटीला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी तशी पिशवी आहे, मला माहीत आहे. केसपेपर, एक्स-रे, किराणा दुकानाची पावती, सगळं एकत्र.

ती पिशवी मी नंतर उघडली. शेवटच्या केसपेपरवर पुढची तारीख घातलेली होती. ती उलटून पाच महिने झाले होते. “बरं वाटतंय तर गोळी कशाला,” असं आई शेजारच्या काकूंना म्हणाली होती. मधल्या काळात तोडणी, मग घरातलं लग्न. पाच महिन्यांत कोणी विचारलं नाही, “बाई का आली नाही?” मी त्या दवाखान्याला दोष देत नाही. समोर रांग असताना रांगेत नसलेलं माणूस कोणाला दिसणार?

दोष द्यायचा तर मला द्या. त्या वेळी मी लिहिलेला प्रोग्रॅम रोज संध्याकाळी रंगीत तक्ते काढून द्यायचा. आज किती रुग्ण आले, किती बिल झालं, किती औषधं गेली. यायला हवं होतं आणि आलं नाही ते कोण, हा तक्ता मी कधी लिहिलाच नव्हता. मागितलाही कोणी नव्हता. आई आजारी पडेपर्यंत माझ्या डोक्यातही आला नाही.

खरं तर हा धडा महाराष्ट्रात आधीच कोणीतरी वहीवर गिरवून ठेवला होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. गावात झालेला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवायचा, हा त्यांचा पाया. दवाखान्यापर्यंत न पोचलेलं बाळ दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये कधीच दिसत नाही, म्हणून मोजणी घराघरांतून. त्यांच्या ३९ गावांत १९९३ ते ९५ या काळात दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या २८ दिवसांत दगावत होती. मग गावातल्याच बायांना शिकवलं. बाळाचं वजन करा, श्वास मोजा, जंतुसंसर्ग ओळखा, औषध द्या. १९९७-९८ पर्यंत ६२ चा आकडा २५ च्या आसपास आला. ‘लॅन्सेट’ने ते १९९९ मध्ये छापलं आणि जगाने मान्य केलं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते ना, ती पद्धत याच कामातून उभी राहिली. तिथे मोजणारी बाई आणि उपचार करणारी बाई एकच होती. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

आईच्या आजाराला लागू पडणारं काम २०१७-१८ मध्ये सुरू झालं, रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम. महाराष्ट्रात आधी भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे घेतले. त्यात ‘सिंपल’ नावाचं मोबाईल ॲप वापरलं गेलं आणि ते नावासारखंच आहे. रुग्णाला क्यूआर कोडचं कागदी कार्ड. सिस्टर तो कोड स्कॅन करते, बीपी आणि गोळ्या नोंदवते, पुढची तारीख टाकते. रेंज नसली तरी चालतं. तारीख उलटली की त्या माणसाचं नाव वेगळ्या यादीत जातं आणि सिस्टर त्याच फोनवरून विचारते, “काका, आला नाहीत?”

सरांची सायकलच ती, दुसरं काय! या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. माझ्या धंद्यातल्या लोकांनी मात्र त्यातून फारसं काही घेतलं नाही. आम्ही अजून तक्तेच रंगवतो.

एक तक्रार माझ्याच जातकुळीची. गावातल्या सिस्टरला आणि आशाताईला आम्ही इतक्या नोंदी भरायला लावतो की रुग्णाकडे बघायला वेळ उरत नाही. माहिती वर जाते, जिल्ह्याला, मुंबईला, दिल्लीला. परत खाली येत नाही. जिने भरली तिच्याच हातात दुसऱ्या दिवशी यादी पडत नसेल, तर ते संगणकीकरण कशाला?

आणि गुप्तता. गावात कोणाला टीबी आहे हे कळायला संगणक लागत नाही, पण संगणकामुळे ते जास्त लोकांना कळू नये. ‘आभा’चा १४ आकडी नंबर निघालाय, तो काढून घ्या. त्यातली कागदपत्रं दुसऱ्या दवाखान्याला दाखवायची तर तुमची संमती लागते. मोबाईलवर संमती मागितली की न वाचता ‘हो’ दाबू नका. घरी गेल्यावर ती खुंटीची पिशवी उतरवा, कागद तारखेप्रमाणे लावा, चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून बाहेरगावी असलेल्या मुलांना पाठवा. आम्हा भावांजवळ तो एक फोटो असता तरी डॉक्टरांना उत्तर देता आलं असतं.

आई आहे. उजवा हात चालत नाही, डाव्या हाताने जेवते. आमचा रोज रात्री आठला फोन असतो, पहिला प्रश्न गोळीचा. चिडते, पण घेते.

मी येताना बीपीचं यंत्र आणलंय. जेवणानंतर आपल्या दहावीच्या वर्गात, मागच्या बाकावर बसतो, माझी जागा तीच होती. आकडा तुमच्याच कागदावर लिहून देईन, माझ्याकडे नोंद ठेवणार नाही. १४०/९० किंवा वर निघाला तर घाबरू नका, आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन पुन्हा मोजून घ्या. सर, पहिला नंबर तुमचा. आणि आज जे मेळाव्याला आले नाहीत त्यांची नावं मला कोणीतरी लिहून द्या, फोन करायचे आहेत.