राखणदाराचा निरोप
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाचे विषय आपल्याकडे बहुधा ठरलेले असतात. आहार, आरोग्य, नाहीतर मुलांचे संगोपन. मी हॉकीच्या गोलरक्षकावर बोलणार आहे असे सांगितले, तेव्हा आपल्या चिटणीसबाई क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. पण विषय वाटतो तितका आपल्यापासून दूर नाही. घरात वर्षभर आमटी चांगली होते, तिची कोणी वाच्यता करीत नाही. एक दिवस मीठ जास्त पडले की घरभर चर्चा होते. गोलरक्षकाचे नेमके तसेच असते. त्याने अडवलेले चेंडू फलकावर लागत नाहीत. सुटलेला तेवढा लागतो.

हॉकीचा गोल बारा फूट रुंद आणि सात फूट उंच. चेंडू दगडासारखा कठीण. आजच्या गोलरक्षकाला डोक्यापासून पायापर्यंत संरक्षण असते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी पायांना पॅड असत, पण तोंडावर जाळी नसे. आणि तो नुसता उभा असतो असे समजू नका. सगळे मैदान त्याच्या समोर असते. कोणता गडी मोकळा सुटला, कोणी कुठे सरकायचे, हे तोच मागून ओरडून सांगत असतो.

अशा एका राखणदाराची हकीकत मी आज सांगणार आहे. त्यांचे नाव शंकर लक्ष्मण. जन्म १९३३ सालचा, महूचा. महू म्हटले की बाबासाहेबांचे जन्मगाव, हे मिलिंद महाविद्यालयाच्या आपल्या शहरात कोणाला सांगायला नको. १९४७ साली, ज्या वयात मुले शाळेत असतात त्या वयात, शंकर लक्ष्मण सैन्यात बँडपथकात भरती झाले. पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत ते कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढले. महाराष्ट्राच्या घराघरांतील मुले ज्या पलटणीत गेली, त्या पलटणीचा हा माणूस. म्हणून त्यांच्यावर आपलाही थोडा हक्क आहे असे मी मानते.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने अडतीस गोल केले आणि आपल्यावर एकही होऊ दिला नाही. अंतिम सामन्यात पाकिस्तानला एक विरुद्ध शून्य असे हरवले. गोलात शंकर लक्ष्मण होते. चार वर्षांनी रोमला पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले आणि पुन्हा एक विरुद्ध शून्यच झाले. पण या वेळी तो एक गोल पाकिस्तानचा होता. १९२८ पासून हॉकीचे सुवर्णपदक आपल्या घरचे, अशी देशाची समजूत झाली होती. ती त्या दिवशी मोडली.

१९६४ साली टोकियोला तिसऱ्यांदा तीच गाठ पडली. मोहिंदरलाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला आणि मग उरलेला वेळ पाकिस्तानच्या चढाया शंकर लक्ष्मण यांनी परतवून लावल्या. पुन्हा एक विरुद्ध शून्य. पदक परत आले. हिशेब करून पाहा. तीन ऑलिंपिकचे तीन अंतिम सामने, प्रतिस्पर्धी तोच, आणि तिन्ही मिळून या माणसाच्या मागे चेंडू एकदाच गेला. तरी रोमचे नाव निघाले की लोकांना तो एकच आठवे!

१९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ते संघाचे कर्णधार होते. गोलरक्षकाला कर्णधार करणे त्या काळी नवलाचे होते. अंतिम सामना याही वेळी पाकिस्तानशीच होता, निकालही एक विरुद्ध शून्यच होता, आणि आशियाई स्पर्धेतील हॉकीचे पहिले सुवर्णपदक भारताला मिळाले. अर्जुन पुरस्कार त्यांना आधीच मिळाला होता. १९६७ साली पद्मश्री मिळाली. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या संघात मात्र त्यांचे नाव नव्हते. त्यांनी खेळ सोडला. १९७९ साली सैन्यातूनही निवृत्त झाले आणि महूला जाऊन राहिले.

यापुढची गोष्ट सांगताना जड वाटते. अखेरच्या दिवसांत हातात पैसा नव्हता. ज्या पायांनी तीन ऑलिंपिकमध्ये देशाचा गोल राखला, त्यांतील एका पायाला गँगरीन झाले. डॉक्टरांनी पाय कापावा लागेल असे सांगितले. त्यांनी ते मानले नाही. २००६ च्या एप्रिलमध्ये महूलाच त्यांचे निधन झाले. मान मिळाला नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. पदके होती, पद्मश्री होती. पण मान देणे एका दिवसाचे काम असते आणि सांभाळणे वर्षानुवर्षांचे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीतही हे आपण जाणतोच.

आता दुसऱ्या निरोपाकडे वळते. केरळातील किळक्कंबलम गावचे पी. आर. श्रीजेश. वडील शेतकरी. मुलाला गोलरक्षकाचे पॅड हवे होते. त्यासाठी वडिलांनी घरची गाय विकली. गाय विकणे म्हणजे काय, हे ज्यांच्या माहेरी गोठा होता त्यांना मी वेगळे सांगायला नको. त्या गायीच्या मोलातून अठरा वर्षांची कारकीर्द आणि तीनशे छत्तीस आंतरराष्ट्रीय सामने उभे राहिले. २०२१ साली टोकियोला जर्मनीविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांतला पेनल्टी कॉर्नर त्यांनी अडवला आणि एक्केचाळीस वर्षांनी हॉकीचे ऑलिंपिक पदक देशात आले.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला जातानाच त्यांनी ही आपली शेवटची स्पर्धा असे जाहीर केले होते. उपांत्यपूर्व सामन्यात ब्रिटनविरुद्ध आपला एक गडी बाहेर गेला आणि दहाजण बराच वेळ झुंजले. बरोबरी झाल्यावर शूटआउट आले. त्यात चढाई करणाऱ्याला आठ सेकंद मिळतात आणि समोर एकटा गोलरक्षक असतो. श्रीजेश यांनी तेथे आपल्याला तारले. पुढे ८ ऑगस्टला स्पेनला हरवून कांस्यपदक मिळाले आणि तोच त्यांचा अखेरचा सामना ठरला. हॉकी इंडियाने त्यांची सोळा क्रमांकाची जर्सी वरिष्ठ संघात पुन्हा कोणाला द्यायची नाही असे ठरवले आणि त्यांच्याकडे लगेच कनिष्ठ संघाचे शिक्षण सोपवले. मला जर्सीपेक्षा हे दुसरे मोलाचे वाटते. राखणदाराची विद्या त्याच्याबरोबर घरी बसली नाही, पुढच्या मुलांच्या हाती गेली.

आणि हे फक्त मुलांचे क्षेत्र राहिलेले नाही. टोकियोलाच आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला एक विरुद्ध शून्य असे हरवले, तेव्हा गोलात हरियाणाच्या सविता पुनिया होत्या. त्यांना हॉकीकडे वळवले ते त्यांच्या आजोबांनी. घरातल्या एका वडील माणसाने "जा, खेळ" म्हटले की काय होऊ शकते, त्याचे हे उदाहरण आहे. आपल्या शहरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. मैदानासाठी लेकीला पुण्या-मुंबईला धाडावे लागते असेही नाही. प्रश्न उरतो तो आपल्या मनाचा. "पाय मोडून घेशील, मग लग्न कसे व्हायचे?" हे वाक्य आपण आता तरी सोडून देऊ या.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या छावणीत, जुन्या शहरात, शाळा-कॉलेजांच्या जुन्या संघांत एके काळी खेळलेली माणसे, स्त्रियाही, आज आपल्याच गल्लीत राहत असतील. कोणाचे गुडघे गेले असतील, कोणी एकटे असेल. येत्या वर्षात आपण प्रत्येकीने अशा एका खेळाडूचे घर शोधावे. नुसती शाल-नारळ देऊन परतू नये; औषधपाण्याची विचारपूस करावी, आणि शक्य असेल तर गल्लीतल्या चार मुली त्यांच्याकडे शिकायला बसवाव्यात. यासाठी मोठा निधी लागत नाही. महिन्यातून एक संध्याकाळ पुरते.