एक गाथा, सात दिवस



'सध्या काय करतेस?' या प्रश्नाचं 'सॉफ्टवेअर' हे उत्तर तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आज दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलते. रोज सकाळी लॅपटॉप उघडण्याआधी मी दहा मिनिटं धम्मपदातली एक गाथा घेऊन बसते.

धम्मपद हा पाली भाषेतला छोटासा ग्रंथ. २६ वर्ग, ४२३ गाथा. संस्कृतच्या तासाला सुभाषितं पाठ केलेल्या आपल्याला पाली फार परकी वाटत नाही. अप्रमादाचा 'अप्पमाद' होतो, क्रोधाचा 'कोध'.

पद्धत साधी आहे. गाथा मोठ्याने वाचायची, अर्थ पाहायचा, पुस्तक मिटायचं. मग डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. मन भटकलं की गाथेतला एकच शब्द आठवायचा आणि पुन्हा श्वासाकडे यायचं. सात दिवस तीच गाथा. शाळेत फळ्यावरचा सुविचार आपण रोज पुसायचो. हा आठवडाभर पुसायचा नाही, एवढाच फरक. या वेगाने सगळ्या गाथांना आठ वर्षं लागतील. माझ्या आयुष्यात डेडलाइन नसलेलं हे एकमेव काम!

खरी परीक्षा संध्याकाळी असते. आई माझ्याकडे असते. तिला विस्मरणाचा आजार आहे. दिवेलागणीला ती विचारते, "हे अजून कसे आले नाहीत?" बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. हा प्रश्न दहा-बारा वेळा येतो.

सतराव्या वर्गात, कोधवग्गात, रागाला भरधाव रथाची उपमा दिली आहे. नुसते लगाम धरणं वेगळं आणि रथ आवरणं वेगळं, असा तिचा रोख आहे. बाराव्यांदा प्रश्न आला की राग येतोच. पण आता तो येताना दिसतो आणि 'सारथी' हा शब्द आठवतो. एका श्वासाची फुरसत मिळते. मग मी तिच्याजवळ बसून विचारते, "आई, ते आले की जेवायला काय करूया गं?"

"भरली वांगी," ती म्हणते. मग वांगी कशी निवडायची, यावर आमच्या गप्पा सुरू होतात.

इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं, पण आईला सोडून दहा दिवस जाणं मला जमत नाही. शिवाय त्या एका क्षणी लांबलचक प्रवचन कुठलं आठवायला? आठवतो तो एखादा शब्द. म्हणून मला छोटी गाथाच पुरते.

यानं आईचा आजार बरा होणार नाही. पण तिची संध्याकाळ बरी जाते, आणि माझीही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता आईवडील थकले आहेत. वाटलं तर एक गाथा सात दिवस धरून पाहा, आणि काय झालं ते ग्रुपवर नक्की कळवा.